इंटरनेट व संदेशवहनविषयक वादांत वकिलाची निवड

इंटरनेटचा वकील अशी सनद भारतात कोणालाच मिळत नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचे दोनच वर्ग मानले आहेत : ज्येष्ठ अधिवक्ता व अन्य अधिवक्ता. वैद्यकाच्या क्षेत्रात हृदयाचा, नेत्रांचा वा अस्थींचा तज्ज्ञ त्याच्या पदवीवरून ओळखता येतो. वकिलीच्या व्यवसायात तशी सोय नाही. सायबर कायद्याच्या पदविका अनेक संस्था देतात, परंतु त्या पदविकेने न्यायालयात उभे राहण्याचा कोणताही विशेष अधिकार प्राप्त होत नाही, आणि ती नसल्याने कोणताही अधिकार कमी होत नाही. म्हणून ज्याचे पैसे खात्यातून परस्पर गेले आहेत, ज्याच्याविषयी बदनामीकारक मजकूर प्रसृत झाला आहे, किंवा ज्याच्यावर एखाद्या संदेशाबद्दल गुन्हा नोंदविला गेला आहे, असा मनुष्य वकिलाच्या शोधात निघतो तेव्हा त्याला पाटीवरून फारसे काही कळत नाही. त्याने शोध घ्यावयाचा तो वकिलाच्या नावापासून नव्हे, तर आपल्या वादाच्या स्वरूपापासून.

हे विधान वरकरणी सोपे वाटते. अडचण अशी की, ज्याला सामान्य व्यवहारात ‘ऑनलाइन प्रकरण’ म्हटले जाते ते कायद्याच्या दृष्टीने एक प्रकरण नसते. त्यात निदान चार-पाच अधिनियमांचे धागे गुंतलेले असतात आणि प्रत्येक धागा वेगळ्या दारापाशी नेतो. तारायंत्रासाठी इंग्रजी अमदानीत केलेला १८८५ चा अधिनियम विसाव्या शतकाच्या अखेरीस भ्रमणध्वनीलाही लावला जात होता. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार अधिनियम संमत झाला व त्यातील काही कलमे २०२४ च्या जून-जुलैपासून अमलात आली. १९९७ च्या अधिनियमाने दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन केले. २००० च्या दुरुस्तीने त्याच्यापासून वेगळे असे दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरण निर्माण झाले. त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान अधिनियम आला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ चा आहे व त्याखालील नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. फौजदारी कायद्याचे तिन्ही जुने ग्रंथ १ जुलै २०२४ पासून बदलले आहेत. या सर्वांत सारखाच निष्णात असलेला वकील क्वचितच आढळेल; आणि तसा दावा करणाऱ्याविषयी थोडा संशय बाळगण्यास हरकत नाही.

प्रथम दाराचा विचार करू. समजा, एखाद्याच्या संगणकात किंवा खात्यात अनधिकृत प्रवेश होऊन त्याचे आर्थिक नुकसान झाले. सामान्य समजुतीप्रमाणे तो दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावू पाहील. परंतु माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६१ व्या कलमाने न्यायनिर्णय अधिकाऱ्याच्या अधिकारातील बाबींपुरते दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आहे. ४६ व्या कलमाखाली पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय हा अधिकारी देतो, आणि २००३ पासून प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचा सचिव हाच तो अधिकारी होय. म्हणजे महाराष्ट्रातील पीडिताचे दार कोर्टात नसून मंत्रालयात आहे. त्याच्या निर्णयावरील अपील पूर्वी सायबर अपील न्यायाधिकरणाकडे जात असे. २०१७ च्या वित्त अधिनियमाने ते न्यायाधिकरण उपरोक्त दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन झाले. अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे, आणि तेथूनही असमाधान राहिल्यास ६० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. तालुक्याच्या गावी तीस वर्षे दिवाणी दावे उत्तम चालविलेल्या वकिलालाही हा मार्ग ठाऊक नसण्याचा संभव आहे, व त्यात त्याचा दोष फारसा नाही. कारण त्याच्या न्यायालयात असे प्रकरण येतच नाही. मात्र त्याने अज्ञानाने दिवाणी दावा लावला, तर अशिलाची दोन-तीन वर्षे केवळ अधिकारक्षेत्राच्या प्राथमिक मुद्द्यावर खर्ची पडतात.

याच्या नेमकी उलट स्थिती दूरध्वनी-ग्राहकाची आहे. अवास्तव देयक, बंद पडलेली सेवा, न मागितलेल्या सुविधेची आकारणी अशा तक्रारी घेऊन पुष्कळ लोक नियामक प्राधिकरणाकडे धाव घेतात, परंतु व्यक्तिगत तक्रारीचा निवाडा करण्याचे काम प्राधिकरणाकडे नाही. २०१२ च्या विनियमांनुसार प्रथम कंपनीचे तक्रार केंद्र व नंतर कंपनीचाच अपील प्राधिकारी अशी चढण आहे. त्यापुढे ग्राहक आयोग. मध्यंतरी हे दारही बंद झाल्यासारखे होते, कारण २००९ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तार अधिनियमातील लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखविले होते. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच न्यायालयाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात ग्राहक आयोगाचा अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट केले. २००९ चा निर्णय दाखवून ग्राहकाला परत पाठविणारा वकील अद्याप भेटत असेल, तर त्याच्या वाचनाची मर्यादा तेवढ्यावरूनच ध्यानात यावी. वास्तविक अशा लहान रकमेच्या तक्रारीस वकिलाची गरजच नसते. ग्राहक आयोगापुढे तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो, आणि वकिलाची फी वादाच्या रकमेहून अधिक होणे हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे.

बँकेच्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेले असता तर वकिलाच्या शोधात पहिला दिवस मुळीच घालवू नये. १९३० या क्रमांकावर व राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंद करणे आणि बँकेस लेखी कळविणे ही दोन कामे काही तासांच्या आत व्हावयास हवीत. रक्कम पुढच्या खात्यांत पोचण्याआधी गोठविली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाचे दायित्व तो किती दिवसांत बँकेला कळवितो यावर अवलंबून ठेवले होते व त्रयस्थाच्या लबाडीच्या बाबतीत तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळविल्यास दायित्व शून्य मानले होते. वकील लागतो तो त्यानंतर, म्हणजे बँक जबाबदारी नाकारते तेव्हा.

बदनामीच्या प्रकरणांत काळाचा हिशेब निराळा आहे. १९६३ च्या मुदतीच्या अधिनियमाने अब्रुनुकसानीच्या भरपाईच्या दाव्यास एकच वर्ष दिले आहे. इंटरनेटवरील मजकूर रोज दिसत असतो, तेव्हा मुदत रोज नव्याने सुरू होते, असा युक्तिवाद पुष्कळांना सुचतो. परंतु दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो अमान्य करून प्रथम प्रसिद्धीपासूनच मुदत मोजली. मजकूर काढून टाकण्यासाठी संकेतस्थळाच्या चालकाला नुसती नोटीस पाठवून भागेल, असाही एक समज आहे. श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७९ व्या कलमाचा अर्थ असा लावला की, मध्यस्थावर मजकूर हटविण्याची जबाबदारी येते ती न्यायालयाच्या आदेशाने किंवा शासनाच्या अधिसूचनेने. २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत अपील करण्यासाठी समित्यांची सोय झाली. तथापि हट्टी प्रकरणात अंतरिम मनाई हुकूमच उपयोगी पडतो. तो मिळविणे हे दिवाणी वकिलाचे जुने कसब आहे. येथे सायबर विषयाच्या पदविकेपेक्षा मनाई हुकमाच्या अर्जांवर घासलेली लेखणी अधिक कामाची.

अशा रीतीने दार निश्चित झाल्यावर दुसरी आणि बहुतेक वेळा निर्णायक ठरणारी बाब म्हणजे पुरावा. या विषयातील वकिलाची खरी परीक्षा येथेच होते, आणि तिचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मराठवाड्यात घडलेले आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन पंडितराव खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास किसनराव गोरंट्याल यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे निवडणूक अर्ज दाखल केला. मुद्दा एवढाच होता की, २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजता मुदत संपल्यानंतर खोतकरांचे नामनिर्देशनपत्र स्वीकारले गेले किंवा कसे. निर्वाचन अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत व बाहेर चित्रण चालू होते. म्हणजे घड्याळाची साक्ष उपलब्ध होती. पण त्या काळी लागू असलेल्या भारतीय पुरावा अधिनियमाचे ६५-ब हे कलम अशा चित्रणाच्या प्रतीसोबत जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र मागत होते, आणि ते प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. त्याआधी २०१४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने केरळातील अन्वर विरुद्ध बशीर या निवडणूक प्रकरणात प्रमाणपत्राविना सादर केलेल्या चकत्या पुराव्यातून वगळल्या होत्या व अर्जदाराचा पराभव झाला होता. जालन्याच्या अर्जदाराचीही तीच गत व्हावयाची.

ती झाली नाही याचे कारण नोंदींत सापडते. अर्जदाराच्या वतीने प्रमाणपत्राची मागणी तोंडी नव्हे, लेखी झाली होती. एकदा नव्हे, पुनःपुन्हा झाली होती. न्यायालयाकडूनही चित्रणाच्या मूळ सामग्रीसंबंधी आदेश मिळविले गेले होते. आणि निर्वाचन अधिकाऱ्याची साक्ष पिंजऱ्यात घेतली गेली होती. उच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द केली. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी कायद्याचा नियम अधिकच कडक केला. मूळ यंत्रच मालकाने न्यायालयापुढे आणून शाबीत केले तर गोष्ट वेगळी. अन्यथा प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सांगून २०१८ चा शिथिल निर्णय रद्दबातल ठरविला. मात्र त्याच वेळी असेही म्हटले की, पक्षकाराने शक्य ते सर्व केले असता आणि प्रमाणपत्र अन्य व्यक्तीच्या हाती असता अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही. अपील फेटाळले गेले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नियम अर्जदाराच्या विरुद्ध होता व तरीही तो जिंकला. त्याला तारले ते मागणीच्या कागदांनी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे ६३ वे कलम लागू आहे, आणि त्याची मागणी पूर्वीपेक्षा अधिक आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत : एक यंत्राचा ताबा असणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. प्रत्येक विद्युत् अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे त्या अभिलेखातील एक अक्षर बदलले तरी बदलणारा अंक, त्यात नमूद करावा लागतो. म्हणून वकिलाच्या पहिल्या भेटीत अशिलाने विचारावयाचा प्रश्न कायद्याचा नसून व्यवहाराचा आहे : प्रमाणपत्राचा दुसरा भाग कोणाकडून घेणार? ज्याच्यापाशी उत्तर तयार आहे त्याने असे प्रकरण पूर्वी चालविले आहे असे मानण्यास जागा आहे. जो भ्रमणध्वनीच्या पडद्याचे छायाचित्र छापून आणावयास सांगतो व तेवढ्यावर थांबतो, त्याने बहुधा चालविलेले नाही. दुसरा प्रश्न मूळ नोंदींचा. २०२१ च्या नियमांनी मध्यस्थाला हटविलेला मजकूर तपासासाठी १८० दिवस जतन करण्यास सांगितले आहे. संगणकीय आपत्ती प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांतही नोंदवह्यांसाठी तीच मुदत आहे. सहा महिन्यांनंतर मागितलेली नोंद अस्तित्वात असेलच असे नाही. जाणता वकील दाव्याचा मसुदा करण्यापूर्वी जतनाची मागणी पाठवितो.

फौजदारी बाजूस चूक अधिक महाग पडते, कारण तेथे प्रश्न स्वातंत्र्याचा असतो. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईतील एका बंदच्या संदर्भात फेसबुकवर मजकूर लिहिल्यावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६-अ हे कलम त्यातून देशभर चर्चेला आले व श्रेया सिंघल प्रकरणातच ते घटनाबाह्य ठरले. आश्चर्य असे की, रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे नोंदविले जाणे पुढेही चालू राहिले. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्याखाली कोणावरही खटला चालवू नये असा आदेश पुन्हा द्यावा लागला. पोलिसांच्या छापील नमुन्यात मेलेले कलम जिवंत राहते हे एकवेळ समजता येईल. बचावाच्या वकिलालाही ते जिवंत वाटावे हे मात्र अशिलाचे दुर्दैव.

त्याहून सूक्ष्म बाब जामिनाची. अधिनियमाच्या ७७-ब कलमानुसार तीन वर्षांच्या शिक्षेचा अपराध जामीनपात्र आहे, आणि संगणकातील माहिती अनधिकृतपणे घेण्याचा अपराध त्याच मापाचा आहे. पण फिर्यादीत सहसा फसवणुकीचे वा विश्वासघाताचे कलमही जोडले जाते, व ते जामीनपात्र नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोकरांनी मालकाची संगणकीय माहिती नेल्याच्या एका प्रकरणात, विशेष अधिनियम लागू असता त्याच कृत्यासाठी दंड संहितेची कलमे लावता येणार नाहीत असे ठरवून ती रद्द केली. त्यास आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या शरत् बाबू डिगुमर्ती निर्णयाचा. ७८ व्या कलमाप्रमाणे या अधिनियमाखालील तपास पोलीस निरीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही, हीही तशीच तपासून पाहण्याची गोष्ट. संभाषण चोरून ऐकले गेल्याचा आरोप असेल तर १९९६ च्या लोकस्वातंत्र्य संघटनेच्या निर्णयातील बंधने व मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय (त्यात लाच प्रकरणातील असे आदेशच रद्द झाले) वकिलाच्या हाताशी असावयास हवेत. अशा कामाला फौजदारी वकील हवा. परंतु केवळ जामिनाच्या अर्जांवर चालणारा नव्हे.

अशा वकिलापर्यंत पोचावे कसे? जाहिरात हा मार्ग नाही. भारतीय वकील परिषदेच्या ३६ व्या नियमाने वकिलाला जाहिरात व अशिलाची याचना निषिद्ध केली आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक व तारीख, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढे देण्याची मुभा मिळाली. त्यापलीकडे यशाचे आकडे, अशिलांची प्रशस्ती किंवा ‘अव्वल’ यांसारखी विशेषणे दिसली तर ती नियमभंगाची खूण समजावी, गुणवत्तेची नव्हे. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये वकिलांची नावे मानांकनासह विकणाऱ्या संकेतस्थळांविषयी कठोर शब्द वापरून परिषदेस कारवाईचे निर्देश दिले. जो वकील आपल्याच व्यवसायाचे नियम इंटरनेटवर मोडतो, त्याच्याकडे इंटरनेटच्या कायद्याचा सल्ला मागणे हे विसंगतच होय.

अधिक भरवशाचा मार्ग निकालपत्रांचा आहे, आणि तो आता कोणासही मोफत उपलब्ध आहे. उच्च न्यायालयांची निकालपत्रे त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. प्रत्येकाच्या आरंभी उभय पक्षांच्या वकिलांची नावे छापलेली असतात. आपल्या वादाशी मिळतीजुळती पाच-सात निकालपत्रे शोधून ती नावे टिपली, तर त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारे कोण हे कोणत्याही यादीपेक्षा स्वच्छ कळते. हरलेल्या पक्षाच्या वकिलाचे नावही टिपावे. कठीण बाजू नेटाने मांडलेली असते ती पुष्कळदा त्यानेच. शासनाच्या तथ्य-तपासणी कक्षासंबंधीच्या नियमाचा वाद मुंबईत चालला, त्यात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले व २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने तो नियम कोसळला; अशा निकालपत्रांतील युक्तिवादांचा सारांश वाचणे म्हणजे वकिलाला न भेटता त्याचे काम पाहणे होय. तेथे दिसणारा ज्येष्ठ अधिवक्ता मात्र थेट भेटणार नाही. तो वकालतनामा दाखल करीत नाही व अशिलाकडून परस्पर काम घेत नाही. त्याला काम देणारा वकीलच शोधावा लागतो. नाव ठरल्यावर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडून सनदेची खात्री करून घ्यावी.

फीविषयी थोडके. वसुलीच्या हिश्श्यावर फी ठरविणे परिषदेच्या विसाव्या नियमाने निषिद्ध आहे. ‘मिळाले तर द्या’ ही बोली मोहक असली तरी बेकायदा आहे. वकील बदलावयाचा झाल्यास थकलेल्या फीसाठी कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरविले आहे. ज्या वादात पुरावा एखाद्या चकतीत किंवा स्मृतिपट्टीत असतो तेथे हा नियम विशेष महत्त्वाचा. मे २०२४ च्या निर्णयानंतर वकिलाच्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार राज्य परिषदेकडेच करावी लागते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमाने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी स्त्रियांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. छायाचित्रांचा गैरवापर झालेल्या कित्येक तरुणींना हे माहीत नसते व त्या फीच्या धास्तीने गप्प बसतात.

एक गोष्ट मराठी पक्षकाराने विशेष पाहावी. जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठी चालते. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत होते, आणि दिल्लीच्या न्यायाधिकरणाचेही. बदनामीचा मजकूर मराठीत असेल तर खालच्या न्यायालयात शब्द स्वतःच बोलतो. वर तो भाषांतरातून बोलतो. उपरोध, म्हणी, गावंढळ शिवी आणि प्रेमाची शिवी यांतील अंतर इंग्रजीत उतरताना हरवते, आणि मानहानी झाली की नाही हे कित्येकदा त्या अंतरावरच ठरावयाचे असते. तेव्हा मुंबई-दिल्लीच्या वकिलाकडे प्रकरण सोपविताना भाषांतर कोण करणार, ते अशिलाला दाखल करण्यापूर्वी वाचावयास मिळणार काय, आणि मूळ मजकुराची प्रत त्याच्या शेजारी जोडली जाणार काय, हे वकालतनाम्यावर सही करण्याआधीच विचारून घ्यावे.